धानाच्या दिवसांतलं डिझेल

दिवाळी सरली की माझ्या नातीच्या कॉम्प्युटरवर एक रेघ वर चढायला लागते. मयुरी तेलाच्या धंद्यातल्या कुठल्याशा ऑफिसात आहे. कोणत्या जिल्ह्यात कोणत्या महिन्यात पेट्रोल किती खपतं, डिझेल किती खपतं, पुढल्या वर्षी किती लागेल, हे सगळं ती भिलाईच्या वैशाली नगरातल्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर बसून काढते. मी तिथेच समोर शेंगा सोलत असते. परवा तिने तो कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला.

"आजी, ये देख. जितके धानवाले जिल्हे आहेत ना, सगळ्यांत दिवाळीनंतर डिझेल असं उडी मारते. हार्वेस्टर चलते हैं, ट्रॅक्टर चलते हैं. हमने पकड लिया ये ट्रेंड."

"तुमी पकडला?" मी म्हटलं. "माय वं! हा तं तुह्या आबानं पकडला होता, तुहा बाप जन्माले याच्या आधी."

"आबाने? तब कॉम्प्युटर कहाँ था?"

"मी होती ना."

ती खो खो हसली. तिला वाटलं, म्हातारी थट्टा करते. पण त्या दिवशी शेंगांतले दाणे सालींच्या टोपलीत आणि साली दाण्यांच्या भांड्यात जात होत्या.

कार्तिकातली हवा मात्र त्या कॉम्प्युटरवर दिसत नाही. सकाळी गच्चीवर उभं राहिलं की दुरून कापलेल्या धानाचा वास येतो, थोडा ओलसर, थोडा गोडसर, आणि त्यात मोठ्या रस्त्यावरचा डिझेलचा वास मिसळलेला असतो. लोकांना मोगरा आवडतो, केवडा आवडतो. मला डिझेल आवडतं, आता काय करता! सूनबाई नाकाला पदर लावते आणि मी खिडकी उघडते. साठ वर्षांच्या वर झाली. पण तो वास आला की आमच्या ह्यांचा खाकी सदरा डोळ्यांपुढे येतो, कोपरापाशी तेलाचा डाग पडलेला, किती चोळला तरी न जाणारा. मग जीव कासावीस होतो. दिवसभर कशात म्हणून लक्ष लागत नाही.

हे डिझेलच्या डिपोत बाबू होते. रामटेके बाबू. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि आजूबाजूला होतं फक्त लाल मुरमाचं मोकळं रान. कुठे टेकडीएवढी माती उकरून टाकलेली, कुठे इतका खोल खड्डा की वरून हाक मारली तर खालच्या माणसाला ऐकू जायची नाही. धूळ भाकरीत, धूळ अंथरुणात, धूळ केसांत. भट्टीचा सांगाडा रोज हातभर वर चढायचा. रशियन इंजिनियरांच्या बायका फुलाफुलांचे झगे घालून सुपेल्याच्या बाजारात टमाटर घ्यायला यायच्या. भाजीवाली त्यांना छत्तीसगढीत भाव सांगायची, त्या त्यांच्या बोलीत घासाघीस करायच्या, आणि दोघींचं बरोबर जमायचं.

त्याआधी या मुलखाला तेल लागायचं ते केवढं? कंदिलात घासलेट, अंगाला तिळाचं, गाडीच्या कण्याला एरंडीचं. दुर्गला एक पंप होता म्हणे, दांडा हाताने हलवून पेट्रोल काढायचे, आणि ते घेणारे गावात चार जण. मग डंपर आले, बुलडोझर आले, माती उपसणारी अजस्र यंत्रं आली, आणि सगळ्यांना डिझेल पाहिजे. रेल्वेच्या साइडिंगवर तेलाच्या वॅगनी येऊन उभ्या राहायच्या. त्या रित्या झाल्या की दुसऱ्या यायच्या. डिपोच्या टाक्या जमिनीत अर्ध्या पुरलेल्या होत्या. ह्यांचं काम म्हणजे टाकीचा डिप घ्यायचा. एक लांब पितळी पट्टी, तिच्यावर आकडे. पट्टीला आधी खडू घासायचा, मग ती टाकीत थेट तळापर्यंत सोडायची आणि वर काढायची. जिथवर खडू ओला झाला तिथवर तेल. दिवसातून दोनदा. त्यामुळे ह्यांच्या बोटांना कायम खडू आणि सदऱ्याला कायम डिझेल. घरी आले की मी म्हणायची, "आले मास्तर." कारण खडूवाला माणूस म्हणजे मास्तरच की.

घर म्हणजे तरी काय, बांबूच्या तट्ट्यांची खोली आणि वर पत्रा. सुपेल्याहून साइटकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला अगदी लागून. आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत आम्ही एका छपराखाली राहिलो होतो जेमतेम महिनाभर. हे आज या पुलाच्या कामावर, उद्या त्या धरणाच्या कामावर. मी हिंगणघाटाकडच्या सासरी, दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचत. भिलाईची नोकरी लागली तेव्हा ह्यांनी कधी नव्हे तो आईपुढे हट्ट धरला आणि श्रावणात मला इकडे आणलं. सासूबाईंनी पाठवलं, पण बोली करून पाठवलं. नोकरी पक्की झाली तर राहा म्हणाल्या, नाही तर संक्रांतीच्या आत सून परत पाहिजे, वेचणीला हात कमी पडतात.

नोकरी पक्की नव्हती. हजेरीपटावरची होती, आज आहे उद्या नाही.

मला परत जायचं नव्हतं. हे मी आता मोठ्याने सांगते, तेव्हा कोणापाशी बोलले नाही. सासरच्या गावात आमची विहीर वेगळी होती. ती चैत्रात आटली की गावच्या विहिरीपाशी घागर घेऊन उभं राहायचं, कोणी वरून पाणी घातलं तर घ्यायचं. भिलाईत पाण्याचा टँकर यायचा आणि त्याच्यापुढे एकच रांग लागायची. माझ्या पुढे एक पंजाबीण, मागे एक तेलुगू बाई. पहिल्या दिवशी माझी पाळी आली तर मी सवयीने बाजूला सरकले. मागची बाई माझ्या पाठीत कोपर मारून म्हणाली, "अरे भरो ना जल्दी!" इतकं गोड मला कोणी बोललं नव्हतं. घागर भरून घरी आणली आणि मी रडत बसले. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "कावून रडून राहिली?" मी म्हटलं, "पाणी भरलं." त्यांना समजलं होतं.

आणि नुसती रांग नव्हे. हा माणूस होता ना तिथे! दोन वर्षं मी ज्याचा चेहरा विसरू नये म्हणून धडपडत होते, तो रोज संध्याकाळी येऊन माझ्या हातची भाकर खात होता. डाळीत मीठ जास्त झालं तरी "भल्ली झाली" म्हणत होता. अशा माणसाला सोडून कोण जाईल?

दिवसा मी एकटीच असायची. रस्त्यावरून बैलगाड्या जायच्या. वाळूच्या, विटांच्या, गिट्टीच्या, चुन्याच्या. कारखाना यंत्रांनी बांधला असं आता सगळे म्हणतात, पण त्या यंत्रांना वाळू नेऊन दिली ती शिवनाथ नदीवरून आलेल्या बैलांनी. चाळा म्हणून मी गाड्या मोजायला लागले. ह्यांच्या खिशातल्या खडूचा तुकडा घ्यायचा आणि दाराच्या फळीवर एकेक रेघ ओढायची. वीस झाल्या की वरून आडवी रेघ. संध्याकाळी हे यायचे, फळी पाहायचे आणि हसायचे. "सरकारी काम करून राहिली का?"

मग पोळा आला. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, आमच्याकडेही नाही आणि इथल्या छत्तीसगढी माणसांतही नाही. त्या दिवशी फळी कोरी राहिली. आणि संध्याकाळी हे घरी आले ते डोकं खाजवत. म्हणाले, "सुमन, आज सन, अन् डिझेल रोजच्यापेक्षा जास्त गेलं. असं कावून?"

मी म्हटलं, "गाड्या नाई ना आल्या. मंग वाळू आनाले ट्रक गेले असतीन."

दुसऱ्या दिवसापासून मोजणं हा चाळा राहिला नाही. "रस्त्यावरून गाडी गेली का रेघ मार, एकबी सोडू नोको," असं मला बजावून हे कामावर जायचे, आणि संध्याकाळी पायातल्या वहाणा काढायच्या आधी विचारायचे, "किती?" मी विसांत सांगायची, हे कागदावर लिहून घ्यायचे. नवराबायको एकमेकांशी काय बोलत असतील ते बोलोत. आम्ही गाड्यांचं बोलायचो. आणि तुम्हाला सांगते, तेवढं बोलणं मला उभ्या आयुष्यात पुन्हा मिळालं नाही.

गाडीवाल्यांपैकी एक म्हातारा आमच्या दारी थांबायचा. बिसाहू त्याचं नाव. वाळू आणायचा. मला नोनी म्हणायचा, म्हणजे त्यांच्यात पोरीला म्हणतात तसं. ह्यांनी वर्कशॉपातून इंजिनातलं जळकं काळं तेल एका डब्यात आणून ठेवलं होतं. तिथे ते फेकूनच द्यायचे. गाडीच्या कण्याला ते बरं चालतं, चाक करकरत नाही. माझ्या माहेरी, भंडाऱ्याकडे, याला ओंगण म्हणतात. बिसाहू दहा-पंधरा दिवसांनी यायचा, चिंधी बुडवून कण्याला लावायचा, थोडा वेळ बसायचा आणि जायचा.

दिवाळीनंतर एका सकाळी तो आला, आणि त्याच्या मागे आणखी सात गाड्या. सगळ्यांना ओंगण पाहिजे. दुसऱ्या दिवशी आणखी दहा. डब्याचा तळ दिसला. बिसाहू ओशाळून म्हणाला, "धान लुए के बेरा आगे, नोनी." धान कापायची वेळ आली.

मी धानाच्या मुलखातली आहे. माझ्या बापाच्या दारी हेच व्हायचं. पेंढ्या वावरातून खळ्यावर आणायच्या आधी सगळा गाव एकाच दिवशी गाड्यांना ओंगण घालतो. हे कापसाच्या मुलखातले, त्यांना काय ठाऊक? कापसाचं वेळापत्रक वेगळं. संध्याकाळी हे आले तेव्हा मी वहाणा काढू दिल्या नाहीत.

"गाड्या चालल्या," मी म्हटलं.

"कुठं चालल्या?"

"आपापल्या गावी, धान वाहाले. आता पूस सरेपर्यंत एक गाडी नाई दिसत तुमाले या रस्त्यानं."

हे वहाणा घालूनच खाली बसले. त्याच दिवशी डिपोच्या साहेबांनी ह्यांना इंडेंट करायला सांगितला होता. इंडेंट म्हणजे पुढे किती तेल लागेल त्याची मागणी. ती आज लिहायची, मग वॅगनी निघणार, मग त्या कधीतरी पोचणार. दास साहेब तेलातले जुने माणूस, बंदरावर काम केलेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. धान आलं की मजूर गावी जातात, काम मंदावतं, म्हणून डिझेल कमी मागव.

"सायेबाचंबी खरंच आहे ना," हे म्हणाले. "मजूर जातीन तं काम कमी होईन."

"अन् काँक्रीट थांबन का? त्याले वाळू लागन का नाई? गाड्या नाईत, मंग वाळू कोन आनन? तुमचा सायेब डोक्यावर आनन?"

हे हसले नाहीत. दिवेलागणीला कागद घेऊन बसले. माझ्या फळीवरच्या रेघा, दहा गाड्यांचं ओझं म्हणजे एक ट्रक, नदीपासून साइट इतकी लांब, ट्रक इतक्या अंतराला इतकं डिझेल पितो. मी कंदील धरून बाजूला बसले होते. मला गुणाकार येत नव्हता, पण ह्यांचा चेहरा वाचता येत होता. आकडा झाला तेव्हा त्यांनी ओठ चावला. आकडा फार मोठा होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो पाहिला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "रामटेके, आँकड़ा तुम्हारा, तो नौकरी भी तुम्हारी." ह्यांनी सही केली. घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "कराच. मायं मोजनं चुकायचं नाई."

अशी मी बोलले. माझ्या तोंडाला तेव्हा काही आडकाठी नव्हती!

चार दिवसांनी बिसाहू निरोप घ्यायला आला. गाडी रिकामी होती, बैलांच्या गळ्यात नवी घुंगरं. मी सहज मोठेपणाने म्हटलं, तुमच्या लोकांच्या किती गाड्या आहेत ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि फळी दाखवली. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण विसाच्या रेघा कळत होत्या. त्यांच्यात विसाला कोरी म्हणतात. तो बोटाने कोऱ्या मोजत गेला आणि हसायला लागला.

"अतेक गाड़ा कहाँ ले आही, नोनी? जे बिहनिया जाथे, उही संझा लहुटथे."

एवढ्या गाड्या कुठून येतील, पोरी? सकाळी जी जाते, तीच संध्याकाळी परत येते.

आता मी काय खुळी होते? सकाळी गेलेले बैल संध्याकाळी घरी येतात हे मला माहीत नव्हतं का? लहानपणापासून माहीत होतं. पण ह्यांनी सांगितलं होतं, गाडी गेली की रेघ मार, एकही सोडू नको. मी सोडली नाही. इकडून गेली, रेघ. तिकडून आली, रेघ. सगळ्या गाड्या मी दोनदा मोजल्या होत्या. आणि मागणी जाऊन चार दिवस झाले होते.

बिसाहूची गाडी वळणापलीकडे गेली तरी मी दारातच उभी. संध्याकाळी हे आले, मी ताट वाढलं, आणि आता सांगते, आता सांगते करता करता हात धुऊन झाले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

मग वॅगनी यायला लागल्या. टाक्या काठोकाठ भरल्या आणि तरी साइडिंगवर भरलेल्या वॅगनी उभ्या. बरेच मजूर गावी गेले होते, साइट अर्धी ओस पडली होती, चालू होतं ते काँक्रीट. ट्रकही फिरत नव्हते, कारण साइटवर आधीच्या वाळूचे आणि विटांचे ढीग पडलेले होते. हे सकाळी पट्टी टाकायचे, संध्याकाळी टाकायचे, खडूवरची ओल तिथल्या तिथे. जेवण तुटलं. साहेब रोज ह्यांच्याकडे नुसतं पाहायचे. त्यातच सासूबाईंचं पत्र आलं, धाकट्याला पाठवते, सुनेला तयार ठेव. मी माझी लुगडी काढून पेटीत घालायला लागले. हे दारात बसून पाहत होते.

"पेटी नोको भरू," हे म्हणाले.

"मंग काय करू?"

"थोडं थांब. तुह्या मोजन्यावर माहा भरोसा आहे."

तेव्हा सांगायला पाहिजे होतं की नाही? तुम्हीच सांगा. माझ्या मोजण्यावर भरवसा ठेवून हा माणूस बुडत होता आणि मी लुगड्यांच्या घड्या घालत होते. पण सांगितलं तर त्याच्या हातात उरणार काय? आणि मला कोणत्या तोंडाने ठेवून घेणार? मी शेवटचं लुगडं पेटीत ठेवलं. पेटीचं झाकण मात्र लावलं नाही.

पुढल्या आठवड्यात वाळूचे ढीग संपले.

सकाळी मला जाग आली ती घरघरीने. दाराबाहेर पाहते तर धुक्यात ट्रकच ट्रक. एकामागे एक, दिवे लावलेले, शिवनाथेकडे निघालेले. दिवसभर तेच. रस्त्यावर बैलगाडी औषधाला नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी हे धावत आले, धापा टाकत. "सुमन, खडू खाली आला! हातभर खाली आला!" आणि ते पुढे रोजचंच झालं. एकेक वॅगन रिती होत गेली. लांबच्या दुसऱ्या कामांवर डिझेलसाठी ड्रम घेऊन माणसं ताटकळत होती असं ऐकू यायचं. आमचा डिपो एक दिवसही थांबला नाही. पुसाच्या पुनवेला इथला छेरछेऱ्याचा सण झाला, पोरं दारोदार धान मागत फिरली, आणि बिसाहूची गाडी वळणावर दिसली. त्याने माझ्यासाठी नव्या तांदळाचं गाठोडं आणलं होतं. त्या दिवशी टाकीत, हे म्हणायचे, पट्टीचं टोक भिजेल एवढंच तेल होतं, आणि पुढल्या वॅगनी दारात आलेल्या होत्या. ना जास्त झालं, ना कमी पडलं.

साहेबांनी ह्यांना बोलावून विचारलं, "गिनती किसने की थी?"

"घरवाली ने, साब."

"तो उसको गाँव काहे को भेजते हो? अगले साल कौन गिनेगा?" आणि पक्क्या नोकरीच्या यादीत ह्यांचं नाव घातलं.

हे घरी आले तेव्हा ऊन अजून होतं. मी नवा तांदूळ निवडत होते. हे समोर बसले, माझे दोन्ही हात तांदळासकट धरले आणि सगळं सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुले एक सांगू? माही एक चूक झाली होती. ट्रक वाळू घेऊन येते, तेवढंच डिझेल मी धरलं. रिकामा जाते त्याचं धरलंच नाई. बैल रिकामा चालला तं काय, रस्त्याच्या कडेचं गवत खाते. ट्रक रिकामाबी तेल पेते. माहा आकडा निम्मा पडाले पाहिजे होता. तरी बरोबर पुरलं. कसं पुरलं असन?"

मला तत्क्षणी कळलं कसं पुरलं ते. माझ्या दुप्पट गाड्यांनी त्यांचा निम्मा हिशेब भरून काढला होता. त्यांची एक चूक, माझी एक चूक, आणि दोन्ही मिळून आमचा संसार. त्यांनी आपली चूक माझ्यापुढे ठेवली होती. आता मी माझी ठेवायची, आणि दोघांनी पोट धरून हसायचं, एवढंच तर होतं. पण साहेबांनी मला ठेवून घेतलं होतं ते माझ्या मोजण्यावर. ते मोजणं खोटं निघालं तर? पुन्हा ती पेटी, पुन्हा ती विहीर. मी म्हटलं, "कसं का पुरंना. पुरलं ना?"

एकदा गिळलेली गोष्ट मग वर येत नाही. आधी भीती होती, नंतर लाज वाटायला लागली. क्वार्टर मिळालं, पोरं झाली, रुआबांध्याकडच्या नव्या रस्त्यांवर हे स्कूटर शिकले. एक-दोन वर्षं मी आणखी मोजल्या गाड्या, एका बाजूच्याच, नीट. मग मोजायला गाड्या राहिल्या नाहीत. बिसाहूच्या पोरांनी बैल विकले. धान ट्रॅक्टरवर यायला लागलं आणि साहेब लोकांना डिझेलच्या खपाचा जो उंचवटा एका वर्षी चक्रावून गेला होता, तो दरवर्षीचा झाला, आणखी उंच होत गेला. आता मयुरी म्हणते, पुढे सगळं बिजलीवर चालणार, ही रेघ एक दिवस खाली येणार. येईल बापडी. मला तिचं काय? मला हवा आहे तो एक माणूस, पायातल्या वहाणा काढायच्या आधी "किती?" विचारणारा. तो एक मोसम मला कोणी परत आणून दिला तर मी आजही दारात बसेन, पाठ मोडली तरी बसेन.

ह्यांनी मात्र ते कोडं सोडलं नाही. पाहुणा आला की गोष्ट सुरू. "आमच्या हिच्या मोजन्यात एक गाडी इकडची तिकडे नाई," असं म्हणायचे, मग आपली चूक सांगायचे, मग सगळ्यांना विचारायचे, कसं पुरलं असेल? रिटायर झाल्यावर जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर गणित मांडायचे. ट्रकची भरती तपासली, रस्त्याचा चढ तपासला, तेलाचं वजनही तपासलं. माझ्या रेघा तेवढ्या कधी तपासल्या नाहीत. ते त्यांना सुचलंच नाही.

शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात होते. दुपारची वेळ होती, मी चमच्याने पेज भरवत होते. एकाएकी म्हणाले, "सुमन, कसं पुरलं असन वं?"

मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, "मले ठाऊक आहे."

त्यांचे डोळे मोठे झाले. "तुले ठाऊक आहे? मंग इतके वर्षं कावून नाई सांगितलं?"

"घरी चला आधी. घरी गेल्यावर सांगीन."

"पक्कं?"

"पक्कं."

दवाखान्यात, चार खाटांमध्ये, परक्या माणसांच्या देखत नको वाटलं मला. घरी, आपल्या ओट्यावर, दोघंच असताना सांगावं वाटलं. इतकी वर्षं थांबले, आणखी एक दिवस. ते दिवसभर खुशीत होते. येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला विचारत होते, "सिस्टर, छुट्टी कब देंगे? घर पे काम है."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्यांना घरी आणलं. अंगणात माणसं जमली होती, कोणी फुलं आणली होती, कोणी वंदना म्हणत होतं. मी त्यांच्याजवळ बसले, कानाशी वाकले आणि हळूच सांगितलं, "अवो, परत येनाऱ्या गाड्याबी मी मोजल्या होत्या." बायकांनी मला धरून मागे ओढलं. त्यांना वाटलं, म्हातारी निरोप घेऊन राहिली.